चिलटांना वास लागतो कसा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी सांगलीत अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवतो. आमच्या प्रयोगशाळेच्या कपाटात फळमाश्यांच्या पाच-सहा बाटल्या कायम असतात. मक्याचं पीठ, गूळ, यीस्ट आणि अगर शिजवून तळाशी ओतायचं, वर कापसाचा बोळा, आत माश्या. ही गोष्ट पसरल्यापासून लोक मला मंडईत, बँकेच्या रांगेत, लग्नाच्या पंगतीत गाठून चिलटांबद्दल विचारतात. बेदाण्याचा हंगाम आला की जास्तच. तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवतोय. प्रश्न ज्या शब्दांत आले, जवळजवळ त्याच शब्दांत ठेवलेत.

चिलट म्हणजेच फळमाशी ना? मग बागेत लावतो त्या सापळ्यात ती का सापडत नाही?

एका नावात दोन वेगळे कीटक अडकलेत, सगळा घोळ तिथंच आहे. आंबा, पेरू, काकडी, दोडका यांना डंख मारून आत अंडी घालणारी ती बॅक्ट्रोसेरा. घरमाशीएवढी, पिवळसर पट्ट्यांची, लांबून गांधीलमाशीच वाटते. तिच्या नरांना मिथाइल युजेनॉलचा वास वेड लावतो, म्हणून आंब्या-पेरूच्या सापळ्यात तो घालतात. वेलवर्गीय भाज्यांसाठी वेगळं गंधद्रव्य असतं.

केळ्याच्या सालीवर घोंगावणारं, जेमतेम तीन मिलिमीटरचं, लाल डोळ्यांचं जे चिलट, ते ड्रोसोफिला मेलानोगास्टर. मिथाइल युजेनॉलच्या सापळ्याकडे ते ढुंकूनही बघत नाही. धड, न फुटलेल्या फळाच्या सालीत भोक पाडून अंडी घालणंही त्याला जमत नाही. जगभरच्या प्रयोगशाळांत शंभराहून अधिक वर्षं पाळली गेलेली आणि इंग्रजी पुस्तकांत फळमाशी म्हणून येणारी माशी ती हीच. या पानावर यापुढे फळमाशी म्हटलं की चिलटच समजा.

केळी आणली की दुसऱ्या दिवशी चिलटं हजर. घर तर बंद होतं. आली कुठून?

अंड्यापासून पंखवाली माशी व्हायला पंचवीस अंश तापमानात साधारण दहा दिवस लागतात. तेव्हा दुसऱ्या दिवशी दिसलेल्या माश्या कालच्या केळ्यातून जन्मलेल्या नसतात, त्या वासावर उडत आलेल्या असतात. दहा-बारा दिवसांनी जो थवा उठतो तो मात्र केळ्यावरच्या अंड्यांतून आलेला असतो, आणि ती अंडी बऱ्याचदा केळ्याबरोबर तुम्हीच घरी आणलेली असतात.

आणि ती केळ्यासाठी येत नाहीत. ती येतात आंबण्यासाठी. पिकलेल्या फळावर यीस्ट वाढतं, यीस्ट साखर खाऊन अल्कोहोल आणि सुवासिक एस्टर सोडतं, पुढं जिवाणू त्या अल्कोहोलचं ॲसेटिक आम्ल करतात. माशीचं आणि तिच्या अळीचं खरं जेवण म्हणजे हे यीस्ट. फळ नुसतं ताट. एका दिवाळीच्या सुट्टीत आमच्या एका बाटलीचा बोळा निघाला आणि शे-दोनशे माश्या स्टाफरूमभर झाल्या. टेबलावर फराळाचे डबे उघडे होते. लाडवांवर एकही माशी नव्हती. कुणीतरी अर्धा पिऊन खिडकीत विसरलेल्या उसाच्या रसाच्या ग्लासावर सगळ्या. त्या दिवशी सहकाऱ्यांची बोलणी खाल्ली, पण शिकवायला उदाहरण चांगलं मिळालं.

एवढ्याशा जिवाला नाक असतं का? असलं तर कुठं?

दहापट मोठं दाखवणारं साधं भिंग घ्या आणि थंड करून सुस्त झालेली माशी पांढऱ्या कागदावर ठेवा. दोन लाल डोळ्यांच्या मधोमध कुळथाच्या दाण्यासारखे दोन बारीक गोळे लोंबताना दिसतील, प्रत्येकाला पिसासारखा एक केस फुटलेला. ही तिची शृंगिका. तिच्या तीन भागांपैकी शेवटचा, कुळथासारखा भाग म्हणजे नाक. त्याच्या आधीचा भाग चक्क कान आहे. सोंडेजवळ आणखी दोन छोट्या दांड्या असतात, ते दुसरं, धाकटं नाक.

भिंगातून त्यापलीकडे दिसत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली मात्र त्या गोळ्यावर दाट लव दिसते. एकेका शृंगिकेवर असे चारशेच्या वर केस, आणि त्या केसांत मिळून सुमारे १,२०० गंध-चेतापेशी. सोंडेजवळच्या एकेका दांडीत आणखी १२० च्या आसपास. आपल्या नाकात अशा पेशी लाखांनी मोजाव्या लागतात. तरीही आंबलेला द्राक्षमणी शोधायची शर्यत लावली तर मी माशीवर पैसे लावीन.

केस तर बंद असतो. वास आत शिरतो कसा?

केस बंद नसतो. त्याच्या भिंतीला भोकं असतात, मिलिमीटरच्या लाखाव्या हिश्श्याच्या मापाची. वासाचा रेणू हवेतून येऊन केसावर आदळतो आणि त्या भोकातून आत सरकतो. आत खारट पाण्यासारखा द्रव असतो आणि त्यात चेतापेशीचं शेपूट बुडलेलं असतं. म्हणजे वास कळायच्या आधी रेणूला पाण्यात उतरावं लागतं. इथंच अडचण येते. फळांच्या वासाचे बरेच रेणू तेलकट स्वभावाचे, पाण्याशी त्यांचं पटत नाही.

या द्रवात लहान लहान प्रथिनं भरपूर असतात. पूर्वी सरळ उत्तर दिलं जायचं की ही प्रथिनं होडीसारखी रेणूला पैलतीरी नेतात. काही वासांच्या बाबतीत अशा प्रथिनाची गरज दिसलेली आहे, पुढं नर-मादीच्या प्रश्नात ते येईल. पण २०१६ साली एका जातीच्या केसांतलं असं मुख्य प्रथिनच काढून टाकून पाहिलं, तर पेशीचा प्रतिसाद मेला तर नाहीच, उलट वाढला. तेव्हा तिथं तरी ते होडीपेक्षा ओलसर स्पंजासारखं वागत असावं, एकदम आलेला वासाचा लोंढा टिपून घेणारं. पाठ्यपुस्तकात अजून होडीच आहे. मी वर्गात दोन्ही सांगतो.

बरं, रेणू पेशीपाशी पोचला. मग नेमकं काय होतं?

हा खरा प्रश्न. याला जरा जास्त जागा देतो.

चेतापेशीच्या आवरणात काही प्रथिनं रुतलेली असतात, त्यांना गंधग्राही म्हणतात. ग्राही म्हणजे ग्रहण करणारा, रिसेप्टर. माशीत या मुख्य घराण्याची साठ जनुकं आहेत. ती सापडायला वेळ लागला. १९९१ साली लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांनी उंदरासारख्या प्राण्यांतले गंधग्राही शोधले (२००४ चं नोबेल त्यासाठीच). मग सगळ्यांना वाटलं की त्याच नमुन्यावर माशीतलेही सापडतील. वर्षानुवर्षं हाती काही लागलं नाही. शेवटी माशीच्या जनुकसंचाची वाचणी होत आली तेव्हा, १९९९ मध्ये, ते सापडले आणि उशीर का झाला तेही कळलं. माशीचे ग्राही आपल्या ग्राहींचे नातेवाईकच नाहीत. दोघांचंही प्रथिन आवरणातून सात वेळा आत-बाहेर जातं, एवढं साम्य. पण २००६ साली दिसलं की माशीचं प्रथिन उलटं बसलेलं असतं. आपल्या ग्राहीचं जे टोक पेशीबाहेर, ते तिचं पेशीच्या आत.

आता काम कसं चालतं ते. आपल्या नाकात ग्राही स्वतः दार उघडत नाही. तो आत निरोप देतो, निरोप्या दुसऱ्याला उठवतो, दुसरा तिसरं रसायन तयार करतो आणि मग ते रसायन जाऊन दार उघडतं. सरकारी फायलीसारखं, चार टेबलं फिरून. माशीत ही टेबलं नाहीत. २००८ साली दोन वेगवेगळ्या गटांनी दाखवलं की तिचा ग्राही स्वतःच दार आहे. वासाचा रेणू बसला की मधला बोगदा रुंदावतो, बाहेरचे सोडियम-कॅल्शियमसारखे धनभारित आयन धावत आत शिरतात, पेशीतला विद्युतदाब बदलतो आणि मेंदूकडे ठिणग्यांची माळ निघते. सगळं काही मिलिसेकंदांत. (आत निरोप्यांचीही थोडी मदत होते का, यावर त्याच वर्षापासून वाद होता. वेगवान काम दारच करतं याबद्दल आता फारसं दुमत नाही.)

उडणाऱ्या जिवाला हा वेग लागतोच. हवेत वास सलग पसरलेला नसतो. शेकोटीच्या धुरासारखे त्याचे पुंजके आणि धागे तरंगत असतात. माशी उडताना त्यातला एक धागा कापते, पुन्हा रिकामी हवा, पुन्हा धागा. धागा लागला की वाऱ्याच्या तोंडी वळायचं, सुटला की आडवं भिरभिरायचं. चार टेबलं फिरेपर्यंत ती धाग्याच्या पार निघून गेली असती.

ऑर्को, ऑर्को म्हणतात ते काय?

साठ प्रकारचे ग्राही, पण एकटा कुणीच दार बनवत नाही. प्रत्येकाला एक ठरलेला जोडीदार लागतो, त्याचं नाव ऑर्को. २००४ मध्ये हे जनुक बंद केलेल्या माश्या तयार केल्या तेव्हा त्या बहुतेक फळांच्या वासांना ठार बहिऱ्या झाल्या. वासाला बहिरं म्हणणं चूक आहे, पण मराठीत त्याला चपखल शब्द मला सापडलेला नाही. ऑर्को नसेल तर ग्राही तयार होऊनही शेपटापर्यंत पोचतच नाही, पेशीच्या पोटात अडकून राहतो.

ऑर्को पतंग, डास, मधमाशी, मुंगी सगळ्यांत जवळपास सारखाच असतो. ग्राही मात्र जातीजातीत पार बदलतात. कामाची वाटणी अशी: ऑर्को चौकट, ग्राही नाकेदार. चार तुकडे मिळून एक दार बनतं. २०२४ साली डासांमधल्या अशा दारांची रचना जवळून पाहिली गेली तेव्हा त्यात तीन ऑर्को आणि एकच ग्राही निघाला. म्हणजे चारांतला एकटा दार उघडायला पुरतो.

हा ग्राही कधी कुणी डोळ्यांनी पाहिलाय का? की सगळा अंदाज?

पाहिलाय, आणि आपल्याला ओळखीच्या दोन वस्तूंमधून.

पहिली उंबर. उंबर फोडलं की आतून चिमुकले कीटक उडतात ना, त्या अंजीर-उंबराच्या घराण्यातल्या एका परजीवी गांधीलमाशीच्या ऑर्कोची रचना २०१८ मध्ये अतिशीत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकानं काढली. तिचं प्रथिन त्या तंत्राला चांगलं साथ देत होतं म्हणून ती निवडली. चार तुकडे गोल उभे, मधून बोगदा.

दुसरी लवंग. २०२१ मध्ये उड्या मारणाऱ्या एका पुरातन, पंख नसलेल्या कीटकाचा ग्राही घेतला. या कीटकात ऑर्को नसतोच, ग्राही चार मिळून आपलं दार आपणच बनवतो. त्यात युजेनॉल बसवून चित्र काढलं. युजेनॉल म्हणजे लवंगेचा वास, दातदुखीला कापसावर घालतो ते लवंग तेल. प्रत्येक तुकड्यात एक खोबणी, खोबणीत युजेनॉलचा रेणू, आणि मधला बोगदा उघडलेला.

शाळेत कुलूप-किल्लीची उपमा शिकवतात. ही खोबणी तशी नाही. तिच्यात रेणूला घट्ट धरणारे हात नाहीत, नुसत्या तेलकट स्वभावाच्या भिंती आहेत. लाल एसटीतल्या दोघांच्या बाकड्यासारखं समजा. एक लठ्ठ माणूस बसतो, दोन बारीक बसतात, मांडीवर पोर घेऊन बाईही बसते. पलंग घेऊन आलात तर मात्र कंडक्टर चढू देणार नाही. म्हणूनच तोच ग्राही रचनेत वेगळ्या दिसणाऱ्या कितीतरी रेणूंना होकार देतो, आणि खोबणीतला एखादा अमिनो आम्लाचा दगड बदलला की पसंतीची यादीच बदलते.

साठच ग्राही, मग हजारो वास कसे ओळखते?

बाराखडीतून जसे शब्द होतात तसे. साधारणपणे एका चेतापेशीत एकाच जातीचा ग्राही असतो (अपवाद अलीकडे बरेच सापडलेत). एक वास अनेक ग्राहींना कमी-जास्त हलवतो आणि एक ग्राही अनेक वासांनी हलतो. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या कामात २४ ग्राही आणि ११० वास यांची अख्खी सारणी मांडली गेली. त्यासाठी युक्ती भारी होती: एका चेतापेशीतला मूळ ग्राही काढून तिला रिकामी करायची आणि मग पाहिजे तो ग्राही तिच्यात बसवून एकेक वास हुंगवायचा. सारणीत फळांच्या वासांच्या ओळी बघा, बहुतेकींत एकाहून जास्त घरं भरलेली दिसतात. केळं म्हणजे एक ठसा, पेरू म्हणजे दुसरा.

विद्युत नाडी वाढते तशी कमीही होते, हे विसरू नका. काही वास काही पेशींना गप्प करतात. तेही अक्षरच.

आम्लाचा वास, अमोनियाचा वास, तेही याच साठांतून?

नाही, त्यासाठी दुसरं घराणं आहे. ते २००९ साली उजेडात आलं. आपल्या मेंदूत एका चेतापेशीचा निरोप दुसरीला पोचवणारे ग्लुटामेटचे ग्राही असतात, त्यांची ही भावंडं. आम्लं आणि अमोनियासारखे कुजण्याचे वास ती टिपतात. तिसरं एक घराणं मुळात चवीचं, त्यातल्या दोघांनी कार्बन डायऑक्साइडचं काम घेतलंय.

कार्बन डायऑक्साइडला वास असतो?

आपल्याला नाही. हळदीचं पेव उघडलं की लगेच आत उतरायचं नाही, हे हरिपुरातल्या जुन्या माणसांना सांगावं लागत नाही. कारण कोंडलेली हवा नाकाला काही कळवत नाही. माशीला कळवते. दोन ग्राही जोडीनं हे काम करतात, एकटा कुणी पुरत नाही. घाबरलेल्या माश्या जो वास सोडतात त्यात हा वायू असतो आणि इतर माश्या त्यापासून पळतात, हे २००४ मध्ये दाखवलं गेलं.

पण आंबवणातूनही हाच वायू बुडबुड्यांनी निघतो. मग माशी जेवणापासून पळते की काय? याची दोन उत्तरं मिळालीत. पिकलेल्या फळातले काही रेणू कार्बन डायऑक्साइडच्या ग्राहीलाच दाबून टाकतात. त्यातला एक डायॲसेटिल, म्हणजे लोण्याला-ताकाला जो खमंग वास असतो त्यातला. दुसरं, बसून असलेली माशी या वायूपासून लांब जाते, पण अन्नाच्या शोधात तरतरीत फिरणारी माशी त्याच्याकडे जाते. वास तोच, माशीची गरज वेगळी.

व्हिनेगर थोडं ठेवलं तर येतात, वाटीभर ठेवलं तर कमी येतात. असं का?

तुमचं निरीक्षण बरोबर आहे. सौम्य व्हिनेगरच्या वासानं माशीच्या मेंदूतले सहाएक गुच्छ (गंध-चेतापेशींच्या तारा जिथं येऊन मिळतात त्या जागा) जागे होतात. २००९ सालच्या प्रयोगात दिसलं की ओढ लावायला त्यातले दोनच कारणीभूत, आणि त्यातला एक तर एकट्यानंही पुरे. त्या दोघांपैकी एकाचा लाडका वास म्हणजे वरचंच डायॲसेटिल. वास तीव्र झाला की आणखी एक वेगळा ग्राही जागा होतो आणि तो ‘नको’ म्हणतो. म्हणजे जास्त झालेला वास माशीला जास्त गोड लागत नाही, तिच्या यादीत एक नकार वाढतो.

भुकेचाही भाग असतो. उपाशी माशीत इन्सुलिनचा संकेत घटतो आणि त्यामुळे याच व्हिनेगरवाल्या चेतापेशी मेंदूत जास्त जोरानं बोलायला लागतात. एकादशीला शेजारच्या घरातली भजी आपल्यालाही जास्त खमंग वाटतात, पण माशीत हा फरक वासाच्या पहिल्याच पायरीवर होतो, विचार करण्याच्या आधी.

पहिल्या पावसाचा वास माश्यांनाही आवडतो का?

अजिबात नाही, आणि माझं या सगळ्या विषयातलं आवडतं पान हेच.

वळीव पडला की मातीतून जो वास उठतो त्यातलं मुख्य द्रव्य जिओस्मिन. मातीतले स्ट्रेप्टोमायसिससारखे जिवाणू ते बनवतात. आपलं नाक त्याला फार तिखट आहे. अब्जावधी भागांत काही कण असले तरी कळतं. आपण दारात उभं राहून छाती भरून घेतो. माशी तोच वास आला की मागं फिरते. कारण जिओस्मिन काही बुरश्यासुद्धा सोडतात आणि बुरशी लागलेल्या फळात विषं असू शकतात. अळ्यांना तिथं वाढवण्यात अर्थ नाही.

२०१२ मध्ये यामागची यंत्रणा उलगडली. साठांतला एकच ग्राही जिओस्मिनला ओळखतो आणि तो जवळपास दुसऱ्या कशालाच ओळखत नाही. वर बाकड्याची उपमा दिली, हा त्याला अपवाद: इथं खरोखर कुलूप-किल्लीच आहे. त्या पेशीची तार मेंदूतल्या एकाच गुच्छात जाते आणि तिथून हुकूम सुटतो. मग बाकी फळ कितीही सुवासिक असो, खाणं बंद, अंडी घालणं बंद. बाकीच्या वासांची बेरीज-वजाबाकी होते, या एका वासाला नकाराधिकार आहे.

मेंदूत पुढं काय होतं? थोडक्यात सांगा.

एकाच जातीचा ग्राही असलेल्या सगळ्या पेशींच्या तारा मेंदूच्या दारातल्या एकाच गुच्छात येतात. असे पन्नासच्या आसपास गुच्छ. तिथून दोन वाटा. एक जन्मजात आवडीनिवडीकडे. दुसरी आठवणीच्या जागेकडे, जिथं प्रत्येक बाजूला सुमारे २,००० पेशी आहेत आणि प्रत्येक पेशी साधारण सात गुच्छांकडून, तेही जवळपास चिठ्ठ्या टाकून निवडल्यासारख्या, तारा घेते. एखाद्या वासाबरोबर विजेचा झटका दिला तर माशी तो वास टाळायला शिकते, हे १९७४ पासून माहीत आहे. २०२४ साली मादीच्या अख्ख्या मेंदूचा नकाशा पूर्ण झाला: १,३९,२५५ चेतापेशी, जोडणीसकट.

नर-मादी वासानं ओळखतात का?

बऱ्याच अंशी. नर एक खास द्रव्य बनवतो आणि मीलनात ते मादीला लागतं, त्यामुळे दुसरे नर तिचा नाद कमी करतात. त्याच्यासाठी वेगळा ग्राही, वेगळा गुच्छ, आणि वर सांगितलेल्या प्रथिनांपैकी एकाची मदत. याहून जास्त अकरावीच्या वर्गात विचारू नका.

हे सगळं परदेशातच झालं का?

नाही. यातलं सुरुवातीचं कितीतरी काम मुंबईत झालंय. ओबेद सिद्दिकी टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होते. सत्तरच्या दशकात त्यांनी अमेरिकी शास्त्रज्ञ सेमूर बेन्झर यांच्याबरोबर तापमान वाढलं की लुळ्या पडणाऱ्या माश्यांवर काम केलं आणि मग चव-वासाकडे वळले. १९७८ साली वेरोनिका रॉड्रिग्ज आणि सिद्दिकी यांनी चव-वासाच्या वाटेत दोष असलेल्या माश्यांवरचा शोधनिबंध लिहिला. जनुकसंच वाचणं स्वप्नातही नव्हतं तेव्हाची ही गोष्ट. माशीला वासांमधून निवड करायला लावायची, जी चुकते तिला वेगळी काढायची, तिची पिल्लं वाढवायची, पुन्हा निवड. पुढं सिद्दिकींनी बंगळूरचं राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र उभं केलं. शिवाजी विद्यापीठाच्या पट्ट्यातून बी.एस्सी. करून त्या दिशेला जाता येतं का, असं विचारणाऱ्या मुलांना मी हो म्हणतो.

माझी सोनाका द्राक्षांची बाग आहे. अवकाळीत मणी तडकले की चिलटं तुटून पडतात. ती नुकसान करतात की झालेल्या नुकसानीवर येतात?

दोन्ही. धड मण्याला ती काही करत नाहीत. पण मणी तडकला की रस बाहेर, रसावर यीस्ट, यीस्टच्या वासावर माशी. माशी पायांवरून आणि पोटातून यीस्ट नि ॲसेटिक आम्ल करणारे जिवाणू या मण्यावरून त्या मण्यावर नेते, अळ्या मगज ढवळतात, घड आंबट वास मारत गळायला लागतो. म्हणून तडकलेले मणी काढून बागेतच बांधावर टाकू नका, खोल पुरा किंवा लांब न्या. बांधावरचा ढीग म्हणजे त्यांना दिलेलं आवतण.

बेदाण्याच्या शेडमध्ये मात्र माल नीट सुकला की त्यांचा रस संपतो. पाणी नाही तर यीस्ट नाही. चिलटं घोंगावत असतील तर आधी शेडखाली सांडलेला रस, न धुतलेले क्रेट आणि कोपऱ्यातला काडीकचरा बघा.

कापूर जाळला, लवंग ठेवली तर जातात का?

उघड्या घरात भरवशाचं असं काही नाही. आंबणारी वस्तू उचला, मोरीतली जाळी घासा. तिथल्या बुळबुळीतही त्या वाढतात.

घरी मुलांना दाखवण्यासारखा एखादा प्रयोग सांगा.

तीन वाट्या घ्या. एकीत धुतलेल्या ताज्या द्राक्षांच्या फोडी. दुसरीत चमचाभर साखर, कोमट पाणी आणि बेकरीतलं चिमूटभर यीस्ट, तासभर झाकून ठेवलेलं. तिसरीत पाण्यात निम्मं केलेलं व्हिनेगर. तिन्हींत भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब टाका. त्यानं पाण्याचा वरचा ताण मोडतो, माशी पृष्ठभागावर उभी राहू शकत नाही आणि बुडते. वर कागदाचं नरसाळं, टोकाला छोटं भोक. ओट्यावर हातभर अंतरानं ठेवा आणि संध्याकाळी ठेवा, कारण चिलटं सकाळी लवकर आणि दिवस मावळताना जास्त फिरतात. सकाळी मोजा.

आमच्याकडे गेल्या वेळी द्राक्षांत दोन, यीस्टमध्ये एकतीस, व्हिनेगरमध्ये अठरा निघाल्या. तिसऱ्या दिवशी द्राक्षांची वाटी न बदलता पुन्हा मोजली तेव्हा तिनं व्हिनेगरला मागं टाकलं होतं, आणि वाटीला ताडीसारखा वास सुटला होता.